चिलीम विझली, विडी पेटली

मी निवृत्त झालो त्या दिवशी कचेरीतल्या सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि एक पाइप दिला. शाल-श्रीफळ रीतीप्रमाणे होते. पाइपमागे थट्टा होती. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहणारा आणि सकाळची लोकल लटकत पकडणारा हा कारकून महिन्यातून एखाद्या रविवारी गॅलरीत बसून चक्क सिगार ओढतो, याची त्या मंडळींना फार गंमत वाटे. "साहेब, आता रोजच रविवार. सिगार परवडायचा नाही. पाइप ओढा," असे एकाने भाषणात सांगितले आणि सगळे हसले.

पाइप मला जमला नाही. सिगारची सवय असलेल्या माणसाला तो सहसा पहिल्या दिवशी जमत नाही. सिगार भरूनच येतो. आत तंबाखूची पाने, त्यांना बांधून धरणारे एक पान आणि सर्वांत वर गुळगुळीत पानाची गुंडाळी. टोक कापायचे, पेटवायचे आणि मग तो आपला तास-दीड तास जळत राहतो. पाइपचे तसे नाही. तंबाखू आपण भरायची. पहिला थर मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या आणि तिसरा पुरुषाच्या, म्हणजे आधी अलगद आणि मग जरा दाबून, असे जाणकार सांगतात. सैल भरली तर जीभ पोळते, घट्ट भरली तर धूर येत नाही, आणि नीट भरली तरी दर पाच मिनिटांनी पाइप विझतो. मी सिगारसारखे मोठमोठे झुरके घेतले, भांडे तापले आणि जिभेला दोन दिवस चटणी लागू देता आली नाही.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी पुन्हा भरताना माझे हात थांबले. हे कुठेतरी पाहिले होते. लहानपणी मे महिन्यात आम्ही मुरबाडकडे आजोळी जात असू. तिथे मामांचा एक म्हातारा गडी ओसरीखाली उकिडवा बसून चिलीम भरी. कुंभाराकडची मातीची चिलीम. तळाशी एक खडा, म्हणजे तंबाखू तोंडात येऊ नये. त्यावर हाताच्या तळव्यावर चुरलेली तंबाखू, अंगठ्याने बेताने दाबलेली. वर गोवरीचा निखारा. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी, धूर गार व्हावा आणि ओठ पोळू नयेत म्हणून. मग दोन्ही मुठींत धरून एक लांब झुरका. म्हातारबाबा जे करत होते तेच मी करत होतो. फक्त त्यांचे भांडे मातीचे होते आणि माझे ब्रायर नावाच्या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळावरल्या गाठीतून कोरलेले.

पाइप आणि सिगार म्हटले की आपल्याला साहेब आठवतो, चित्रपटातला खलनायक आठवतो, शेरलॉक होम्स आठवतो. ठाणे-मुंबईच्या माणसाला बाळासाहेब ठाकरेही आठवतात. आधी कित्येक वर्षे त्यांच्या हातात पाइप असे आणि पुढच्या काळात सिगार आला. माझा प्रवास त्याच्या उलटा झाला. पण या दोन वस्तू परक्या आहेत हा आपला समज तितकासा खरा नाही. पान गुंडाळून पानासकट जाळायचे, हा एक प्रकार. त्याला सिगार म्हणा, चिरूट म्हणा नाहीतर विडी म्हणा. 'चिरूट' हा शब्द तमिळ भाषेतून आला, त्याचा अर्थच गुंडाळी. 'विडी' तर आपल्या विड्याची धाकटी बहीण; पान वळून बांधले की विडा, तंबाखू घालून वळले की विडी. दुसरा प्रकार भांड्याचा. तंबाखू जळते, भांडे उरते आणि पुन्हा भरले जाते. पाइप, हुक्का, गुडगुडी आणि चिलीम हे सगळे त्या घरातले. ठाणे-कल्याणच्या मुलखात या दोन घराण्यांची गाठ पडली, त्यात एक हरले आणि एक जिंकले. ते का, याची गोष्ट मला सांगायची आहे.

तंबाखू मुळात अमेरिकेची. १४९२ मध्ये कोलंबसच्या लोकांनी तिथले रहिवासी पानांच्या गुंडाळ्या ओढताना पाहिले. स्पेनने गुंडाळी उचलली, म्हणून सिगार स्पेनचा झाला. इंग्रजांनी मातीचा पाइप उचलला. पोर्तुगिजांच्या जहाजांतून हे पीक आपल्या किनाऱ्यावर आले आणि 'तंबाखू' हा शब्दही त्यांच्याच 'ताबाको'वरून आला. मोगल दरबारात ती पोहोचली ती मात्र दख्खनमधून. अकबराने विजापूरला पाठवलेला असदबेग सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी परत निघाला तेव्हा त्याने आदिलशाहीच्या राजधानीत सापडलेली ही नवी चीज आणि ती ओढायला रत्नजडित नळी बादशहासाठी नेली. हकीम नको म्हणत असताना अकबराने दोन-चार झुरके घेतले. त्याला सवय काही लागली नाही, पण दरबाऱ्यांना लागली. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली आणि ती कोणी फारशी मानली नाही. तंबाखूवरच्या बंद्यांचे नशीब हे असे जुनेच आहे.

त्याच विजापूरकरांकडे १६३६ च्या तहानंतर कल्याणचा मुलूख आला आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. खाडीपलीकडे ठाणे आणि वसई पोर्तुगिजांकडे होती, ती मराठ्यांनी १७३७ ते १७३९ या काळात जिंकली. म्हणजे तंबाखूची आवड असलेल्या दोन दरबारांच्या मधोमध आपला हा भाग होता. सरदारांकडे हुक्का आला, गावात चिलीम आली. मातीची चिलीम कुठलाही कुंभार करून देई. फुटली तर दुसरी. निखारा चुलीतला. खर्च काय तो चिमूटभर तंबाखूचा.

मग ही चिलीम विझली कशी? माझ्या मते तीन गोष्टींनी ती विझवली.

पहिली गोष्ट विस्तवाची. चिलीम पेटवायला निखारा हवा, आणि निखारा चुलीपाशी किंवा शेकोटीपाशी असतो. चकमक झाडून ठिणगी पाडता येते, पण ते खटाटोपाचे काम. म्हणून चिलीम ओढायला माणूस एका जागी येई. आगपेटी आली आणि विस्तव खिशात शिरला. आधी आगपेट्या स्वीडनहून, जपानहून येत. १९२२ मध्ये बाहेरच्या काडेपेट्यांवरचा कर वाढला, तेव्हा स्वीडिश कंपनीने इथेच कारखाने काढले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली 'विमको', उभी राहिली आणि कल्याणच्या पुढच्याच टप्प्यावर अंबरनाथला तिचा कारखाना आला. अंबरनाथची ओळख तोवर शिलाहारांच्या काळातल्या शिवालयामुळे होती; आता काडेपेटीमुळेही झाली. पुढे २००५ मध्ये ही विमको आयटीसीने घेतली. सिगारेट बनवणाऱ्या कंपनीच्याच घरात शेवटी काडेपेटी गेली, हा योगायोग बोलका आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणला पोहोचली. तोवर या मुलखातला वेळ पावसाने, उन्हाने आणि भरती-ओहोटीने मोजला जाई. आता तो मिनिटांत मोजला जाऊ लागला. चिलीम भरायला, पेटवायला, तीन-चार जणांत फिरवायला अर्धा तास लागतो. गाडी अर्धा तास थांबत नाही. गिरणीचा भोंगा तर मुळीच थांबत नाही. विडी चार-पाच मिनिटांत संपते, आणि अर्ध्यात भोंगा झाला तर विझवून कानावर ठेवता येते. कामगाराच्या दिवसात जेवढी फट होती तेवढ्या मापाची ती वस्तू होती.

विडीचा धंदाही याच सुमारास फोफावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरच्या बाजूला तो मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, टेंभुर्णीच्या पानांमुळे भंडारा-गोंदियात पसरला, इकडे सिन्नर, संगमनेर, सोलापूर, निपाणी ही विडीची आणि तंबाखूची गावे झाली. आपल्याकडे विडीला आपट्याचे पानही चाले. दसऱ्याला सोने म्हणून वाटायचे तेच पान. स्वदेशीच्या चळवळीने विलायती सिगारेटवर बहिष्कार घातला आणि विडीला देशभक्तीचा टिळाही लागला.

तिसरी गोष्ट मात्र नुसती विस्तवाची किंवा घड्याळाची नाही. ती सांगताना मला माझ्या आजोळच्या ओसरीवर परत जावे लागते.

चिलमीभोवती गोलात बसलेली ती माणसे आठवली की आपल्याला भरून येते. काय तो निवांतपणा, काय तो एकोपा! पण मी लहान असलो तरी एक गोष्ट पाहिली होती. त्या गोलाला कुंपण होते. चिलीम फिरे ती जातीतल्या जातीत. दुसरा कोणी आला तर छापी काढून नुसती चिलीम दिली जाई, किंवा तेही नाही. रानातून मोळी घेऊन कातकरी येई. तो जोत्याखाली, जरा लांब बसे. चिलीम त्याच्या हाती जात नसे. त्याच्या ओंजळीत चिमूटभर तंबाखू वरून पडे. ती तो स्वतःजवळच्या आपट्याच्या पानात गुंडाळी आणि एकटाच ओढी. ओठाला ओठ लावलेले भांडे म्हणजे रोटीव्यवहारच. 'हुक्कापाणी बंद' म्हणजे वाळीत टाकणे, हा अर्थ उगीच आलेला नाही. ज्याच्याशी हुक्का चालतो तो आपला, एवढेच त्यात गृहीत धरलेले असते.

विडीला हा प्रश्नच नव्हता. विडी एकाच ओठाची. एकाने दुसऱ्याला अख्खी द्यायची, आणि फार तर काडी दोघांत. कल्याणहून सुटलेल्या गाडीच्या डब्यात शेजारचा कोण, कुठला, हे विचारायच्या आत "काडी आहे का?" हे विचारले जाई. पुष्कळांच्या बाबतीत अनोळखी माणसाशी बोललेले ते पहिले वाक्य असेल. जो गोल चिलमीने आखला होता, तो विडीने पुसला. म्हणून चिलीम गेली याची हळहळ मी व्यक्त करतो तेव्हा ओसरीवरचा मामा बोलत असतो. जोत्याखाली बसलेल्या माणसाला विचारले तर तो काय म्हणेल, हे मला ठाऊक आहे.

पण विडीने एक कुंपण मोडले आणि दुसरे उभे केले. चिलीम ज्याची त्याने भरायची. विडी मात्र कुणीतरी वळायची. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक बाया. घरी सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसायचे, पान कातरीने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. त्यातून खराब म्हणून काढलेल्या विड्यांची पैही नाही. तंबाखूची धूळ मात्र घरभर, पाळण्यातल्या पोरापर्यंत. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा. विडी आणि सिगार ही दोन नावे एकत्र आली ती या कायद्याच्या शीर्षकात. निपाणीच्या शेतकऱ्यांना तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसावे लागले आणि त्या आंदोलनावर गोळीबार होऊन माणसे मेली.

ठाणे जिल्ह्याचा या गोष्टीशी आणखी एक धागा आहे. १९४५ मध्ये तलासरी-उंबरगावच्या रानात वारल्यांना वेठीविरुद्ध उभे करणाऱ्या गोदावरी परुळेकर आपल्याला माहीत असतात. तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; २०१४ पासून ते पालघरमध्ये आहे. याच गोदूताईंचे नाव सोलापूरजवळ कुंभारीला एका वसाहतीला दिले आहे. ती वसाहत विडी वळणाऱ्या बायांची आहे. तिथल्या दहा हजार घरांचे लोकार्पण २००६ मध्ये झाले. विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर घर! माझ्या सिगारच्या वरच्या गुळगुळीत पानाचे कौतुक मी वर्षानुवर्षे करत आलो. ते पान कोणाच्या बोटांनी गुंडाळले असेल, हा प्रश्न मला त्या घरांविषयी वाचले तेव्हा पहिल्यांदा पडला.

आता गाडीच्या डब्यात परत येऊ. धूर आणि सहप्रवासी यांचे भांडण नवे नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यात एक गमतीचे कलम होते. धूम्रपानासाठी राखलेला डबा सोडून इतरत्र, सहप्रवाशांच्या संमतीवाचून कोणी ओढली तर वीस रुपयांपर्यंत दंड. संमती असेल तर खुशाल ओढा! १९८९ च्या कायद्यात हे थोडे फिरले. डब्यातल्या कोणी हरकत घेतली तर ओढायची नाही. आमच्या काळात हरकत घ्यायचे धैर्य कोणाला नसे. दारातली मंडळी ओढत आणि धूर आत बसलेल्यांच्या नाकात जाई. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी, त्यात रेल्वेतही, धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम देशभर कडक झाले. हुक्का मध्यंतरी पार्लरच्या वेषात परत आला होता. २०१७ च्या डिसेंबरअखेर कमला मिलमधल्या आगीत चौदा जीव गेले आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी घातली.

आमच्या डब्यात आमचा आठ जणांचा गट होता. त्यातला एक पाइप ओढायचा, अर्थात घरी. सिगारवाला मी आणि पाइपवाला तो. आमचा दोघांचा आवडता युक्तिवाद एकच होता. "आपण धूर छातीत घेत नाही, नुसता तोंडात खेळवतो. सिगारेटवाल्यांचे निराळे." हा युक्तिवाद किती पोकळ आहे ते मला उशिरा कळले. सिगारचा आणि पाइपचा धूर सिगारेटपेक्षा अधिक क्षारीय असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. छातीत घ्यायची गरजच नाही. आणि जिथे धूर खेळतो तिथेच तो घर करतो. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाला कर्करोग होतो हे युरोपातल्या वैद्यांच्या अठराव्या शतकातच ध्यानात आले होते. आपल्याकडे परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध दाखवून दिला. म्हणजे आमच्या लोकलच्या वाटेवर, परळ स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ही माहिती आमच्या जन्माच्या आधीपासून होती.

आमच्या सोबत्याला गालाच्या आत पांढरा चट्टा आला. त्याने तो वर्षभर लपवला. मग परळच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्याच गाडीने, त्याच दाराने, फक्त आता बसायला जागा देऊन. जबड्याचा एक भाग काढला. तो त्यानंतर सहा वर्षे जगला, पण बोलणे आम्हाला कळायचे नाही. मी त्याला भेटायला गेलो की तो पाटीवर लिही. एकदा त्याने लिहिले, "बसायला ये. धूर नको." त्या दिवसापासून मी सिगार सोडला आणि पाइपही सोडला. धाडस वगैरे काही नाही; भीती वाटली म्हणून.

त्याच्या त्या दोन छोट्या वाक्यांवर मी पुष्कळ विचार केला. आम्हाला काय हवे होते? म्हाताऱ्या गड्याला, गिरणीतल्या कामगाराला, रविवारी गॅलरीत बसणाऱ्या मला? तंबाखू तर होतीच, तिचे व्यसनही होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासोबत आणखी काहीतरी हवे होते, आणि ते म्हणजे बसणे. कोणी काही काम सांगणार नाही अशी दहा मिनिटे. गड्याला ती चिलीम भरण्याच्या निमित्ताने मिळत. कामगार "विडी ओढून येतो" म्हणून ती मिळवी. नुसता "बसून येतो" म्हणाला असता तर मुकादमाने सोडला नसता. मी ती सिगारच्या किमतीत विकत घेत होतो. निवृत्तीनंतर पाइप जवळचा वाटला, तो त्याला वेळ लागतो म्हणूनच. विश्रांती मागायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण तिला धुराचे निमित्त जोडले आणि त्या निमित्ताने आपला घास घेतला.

चिलमीच्या गोलात निवांतपणा होता, पण सगळ्यांना जागा नव्हती. विडीच्या काडीला सगळे सारखे होते, पण निवांतपणा नव्हता, आणि तो धूर वळणाऱ्या बाईच्या घरात आधी शिरत होता. दोन्हींतले चांगले घेऊन वाईट टाकता येईल का? मला वाटते, येईल. त्याला तंबाखू लागत नाही.

आमच्या इमारतीखाली संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण बसतो. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक रिक्षावाला आहे, रात्रपाळीला जाण्याआधी पाच मिनिटे टेकणारा पहारेकरी आहे. चहा एका किटलीतून येतो आणि पेले ज्याला जो मिळेल तो. पाइप माझ्या कपाटात आहे. परवा नातवाने तो काढून विचारले, "आजोबा, हे काय आहे?" मी म्हटले, "साहेबाची चिलीम." त्याने विचारले, "चिलीम म्हणजे?" मग मी त्याला खाली बसायला घेऊन गेलो आणि ही सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.